उरलेली नाल

एकतीस डिसेंबर. दुपारी तीनलाच काळोख,
बाहेर उणे एकोणीस.
बटाट्याचं सॅलड बाल्कनीत ठेवलंय,
तिथे फ्रिजपेक्षा जास्त गारठा, आणि वर बिल नाही.
ही युक्ती बाबांची. ते तिला पर्यावरण वगैरे म्हणत नाहीत,
चिक्कूपणा म्हणतात,
आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

पिह्ला, माझी मुलगी, वय वर्षं नऊ,
ओल्या कचऱ्यासाठी रद्दीच्या पिशव्या करतेय.
कोपरा दुमड, पोट दाब, कान आत खोच.
एका पिशवीच्या तळाशी कुठल्याशा मंत्र्याचं हसू आलं.
उद्या त्यावर बटाट्याची सालं.

मी गेल्या वर्षीही ठरवलं होतं.
गाडी सोडून बसने जायचं,
एकटीसाठी सॉना तापवायचा नाही,
शेजारणींच्या पाळीत जाऊन बसायचं.
नव्याचे नऊ दिवस. नऊ तरी कुठले,
सहा तारखेला ख्रिसमसचं झाड खाली नेलं
तेव्हा संकल्पही त्याच्यामागून जिना उतरला,
पायरीपायरीवर सुया गाळत.

रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी खणातून ती काढली.
शिशाची नाल, अंगठ्याएवढी.
पळीत वितळवायची, बादलीतल्या गार पाण्यात ओतायची.
चर्र होतं, आणि हाताला लागतं
पुढचं वर्ष, वेडंवाकडं, चंदेरी.
मेणबत्तीसमोर धरून भिंतीवर त्याची सावली वाचायची.
खरखरीत म्हणजे पैसा. होडी म्हणजे प्रवास.
आई गेली त्या वर्षी काय निघालं होतं
ते आमच्यात कुणी काढत नाही.

ही शेवटची. दुकानात आता मिळत नाहीत,
शिसं विषारी, म्हणून बंद.
पाकिटावर अजून मार्कातली किंमत चिकटलेली.
"एवढीशी तर आहे," बाबा म्हणाले.
पिह्लाने मान वर केली.
"आजोबा, मग बादलीतलं पाणी कुठे ओतायचं?"

बाबा गप्प.
पन्नास वर्षं ते पाणी त्यांनी मागच्या दारी बर्फावर भिरकावलं.
बर्फ एप्रिलमध्ये वितळून तळ्यात गेला,
तळ्यातून मासा आला,
मासा आमच्या तव्यावर.
थेंबे थेंबे तळे साचे, ते ठीक.
कुओपिओत तळी आधीच साचलेली आहेत.
प्रश्न थेंबात काय आहे याचा आहे.

मग ख्रिसमसच्या मेणबत्त्यांची थोटकं शोधली,
हिल्काने दिलेला पोळ्याच्या मेणाचा गोळा त्यात टाकला.
ओतलं. चर्र झालंच नाही.
मेण पाण्यावर साईसारखं पसरून बसलं.
सावली कशाचीच नव्हती.
बाबा म्हणाले, ढग. पिह्ला म्हणाली, पिशवी.
मला ते न धुतलेलं ताट वाटलं, पण मी बोलले नाही.
"याचं एक बरं आहे," बाबा म्हणाले,
"वर्ष नाही आवडलं तर पुन्हा वितळवता येतं."
आणि खरंच वितळवलं. तीनदा.

दोन तारखेला आम्ही तिघं बसने गेलो,
घातक कचऱ्याच्या खिडकीशी.
आत एक बाई, बोटं कापलेले लोकरी हातमोजे, शेजारी थर्मॉस.
"पाकिटात काय?"
"पुढचं वर्ष," बाबा म्हणाले. "न वापरलेलं."
तिने वरही पाहिलं नाही.
"जड धातू. तिसरं पिंप."

तळाला लागल्याचा आवाज
एवढ्याशा वस्तूच्या मानाने बराच मोठा आला.

परतताना बाबा काचेवरचं हिम नखाने खरवडत राहिले.
आमचा थांबा जवळ आला तेव्हा म्हणाले,
"तळघरात गळाच्या पेटीत अजून दीड किलो असेल.
शिसं."
जरा थांबून, "आज नको हं."

मी घंटीचं बटण दाबलं.
दोन तारीख.
नव्याचे अजून सात दिवस बाकी होते.